हरायची नोकरी

टेनिसच्या क्लबात मार्कर म्हणून एक माणूस असतो. तो पगारावर असतो. ज्या मेंबराला त्या दिवशी जोडीदार मिळाला नाही, त्याच्याशी मार्करने खेळायचं आणि हरायचं. हरायचं असं कोणी लिहून देत नाही, तोंडानेही सांगत नाही. पण जो मार्कर रोज जिंकतो त्याला पुढे कोणी बोलावत नाही. मी नागपुरातल्या एका क्लबात ही नोकरी म्हातारी होईपर्यंत केली. तिथे बाई मार्कर मी एकटीच. दुसरीकडे कुठे असेल तर मला माहीत नाही.

हरणं सोपं वाटतं, पण तसं नाही. बॉल जाळीत मारून कोणीही हरेल. ते मेंबराला कळतं आणि त्याला राग येतो. मार्करने बॉल असा द्यावा की मेंबराला थोडं पळावं लागेल पण धाप लागणार नाही. त्याच्या आवडीच्या बाजूला द्यावा, पण दर वेळी नाही. शेवटचा पॉइंट त्याला मारून घेऊ द्यावा, आपण चुकून देऊ नये. मग म्हणावं, "गुड शॉट, सर." एवढं इंग्रजी मला पुरलं.

आमच्याकडे एक मेंबर होते, त्यांचे सासरे पुण्याहून आले होते. जावईबापूंनी मला सकाळीच नळापाशी गाठलं.

"कमलाबाई, आज जरा दमवा मला."

"दमवते. जिंकाल तुम्हीच."

"तसं नाही हो, तुम्ही नॅचरल खेळा."

मी नॅचरल खेळले असते तर सासरा पोरगी परत घेऊन गेला असता. मी त्यांना चांगलं घामाघूम केलं आणि शेवटी हरले. सासरे खूश झाले. इतके खूश झाले की म्हणाले, आता मी खेळतो. ही पंचाईत मला आधी सुचली नव्हती. त्यांच्याशी जिंकले तर पाहुण्याचा अपमान, आणि जावयाशी जेवढी हरले तेवढीच हरले तर दोघं बरोबरीचे ठरतात. शेवटी सासऱ्याशी मी थोडी जास्त हरले. जावईबापू पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी या कामात कशी आले ते थोडक्यात सांगते. माझा बाप त्या क्लबात रोलर ओढायचा. आमचे कोर्ट लाल मातीचे. रोज झाडायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा पुन्हा ओढायच्या. आई पाणी मारायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मीही झाडायला लागले. एकदा चौघी बायकांच्या खेळात एक मेंबर आली नाही. कोणीतरी माझ्या हातात रॅकेट दिली आणि म्हणाली, "मागे उभी राहा आणि बॉल परत टाक." मी साडी खोचून उभी राहिले आणि बॉल परत टाकला. मग रोजच टाकायला लागले. लग्नानंतर नवऱ्याला कितीतरी दिवस वाटत होतं की मी तिथे झाडूच मारते. खरं सांगितलं तेव्हा म्हणाला, "हरायचा पगार देतेत? मले काहून नाही सांगितलं वं, मी बी आलो असतो."

आता भुसारी मॅडमबद्दल. तेच सांगायला बसले आहे.

भुसारी मॅडम मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या. रिटायर झाल्यावर रोज सकाळी खेळायला यायच्या. बायकांच्या डबल्समध्ये त्यांची जोडी चांडक मॅडमशी. चांडक मॅडम इतवारीतल्या मोठ्या कापड दुकानाच्या मालकीण, बोलायला मोकळ्या आणि हरायला तयार नसलेल्या. ही जोडी आमच्या क्लबात जुनी होती. दर थंडीत क्लबाचे सामने व्हायचे, आणि त्या दोघींचं नाव फलकावर एका रेघेत लिहिलेलं असायचं. भुसारी मॅडमना नवरा नव्हता, मुलगा परदेशात. सकाळचे ते दोन तास आणि थंडीतला तो फलक, एवढंच त्यांच्याकडे मोठं होतं. हे त्या कधी बोलल्या नाहीत. मला दिसायचं.

मग त्यांचा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर पुरता जाईना. औषधं झाली, शेक झाला, खांदा अर्धा सुटला. त्या परत खेळायला आल्या, पण सर्व्हिस गेली. टेनिसमध्ये पहिला बॉल वर उडवून समोरच्या चौकोनात मारायचा असतो, त्याला सर्व्हिस म्हणतात. मॅडमची सर्व्हिस पूर्वी सरळ आणि जोरात जायची. आता ती कणकेच्या गोळ्यासारखी येऊन पडायची. मी तो गोळा नीट उचलायचे आणि त्यांच्या रॅकेटवर परत द्यायचे. सहा महिने दिला. त्यांना वाटलं सर्व्हिस ठीक आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी चारही मेंबर बायकाच खेळल्या, मी बाहेर होते. समोर एक नवीन डॉक्टरीण होती, तरुण, हात भारी. तिने मॅडमच्या सर्व्हिसला असं झोडपलं की बॉल चांडक मॅडमच्या कानाजवळून गेला. एकदा नाही, सारखा. खेळ संपल्यावर चांडक मॅडम व्हरांड्यात चहा घेताना म्हणाल्या, "देख भुसारी, बुरा मत मान. ह्या वर्षी मी डॉक्टरीणसोबत नाव देऊन राहिले. तू आराम कर ना बाई, खांदा सांभाळ."

भुसारी मॅडम तडक माझ्याकडे आल्या. मी जाळी ताणत होते.

"कमला, माझी सर्व्हिस इतकी वाईट आहे?"

"हो."

"मग इतके दिवस तू ती नीट परत कशी मारत होतीस?"

"नीट मारणं माझं काम आहे मॅडम. वाईट सर्व्हिस नीट मारायलेच ठेवलं मले."

हेडमास्तरणीचा चेहरा होता, कॉपी पकडल्यावर होतो तसा. मग म्हणाल्या, "नावं कधी लागतात फलकावर?"

"संक्रांतीच्या आधी."

"तोवर काय करता येईल? खांद्यात जोर येणार नाही, डॉक्टर म्हणालेत."

मी म्हटलं, "जोर नाही तर मग कापा."

कापायची सर्व्हिस म्हणजे स्लाइस. मॅडम ती पूर्वीही कधीमधी मारायच्या, पण ती नावाचीच. बॉल जरा तिरपा जायचा आणि गोगलगाईसारखा थांबायचा. ज्यांना टेनिस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरळ सर्व्हिसमध्ये बॉलच्या पाठीत मारायचं. स्लाइसमध्ये पाठीत मारायचं नाही, त्याची उजवी कड खरवडून जायचं. त्याने बॉल स्वतःभोवती फिरतो, हवेत डावीकडे वळतो आणि जमिनीला लागला की उसळत नाही, घसरतो. घेणाऱ्याला वाटतं इथे येईल, तो जातो तिथे. घेणाऱ्याच्या उजव्या चौकोनात ती बाहेरच्या कडेला पाडली तर घेणाऱ्याला कोर्ट सोडून पळावं लागतं. जोर कमी लागतो. धार लागते.

पहिली अडचण पकड. बहुतेक बायका रॅकेट सराट्यासारखी धरतात, तव्यावरची पोळी उलटवायला धरतो तशी. तशी धरली की रॅकेटचं तोंड बॉलकडे उघडं राहतं, कड लागतच नाही.

"मॅडम, सराटा धरून राहिल्या तुम्ही. कुऱ्हाड धरा."

"मी आयुष्यात कुऱ्हाड धरलेली नाही, कमला."

क्लबात पूर्वी एक कोच यायचा, तो मुलांना सांगायचा की संत्र्याची साल सुरीने काढता तशी बॉलची साल काढा. नागपुरात संत्र्याला सुरी कोण लावतं? मुलं अंगठा खुपसल्यासारखं मनगट वाकडं करायची आणि बॉल शेजारच्या कोर्टात जायचा. कोच बाहेरगावचा होता, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही पोरं असं का करतात. मॅडमनीही तेच केलं. त्यांनीही ते कुठेतरी वाचलं होतं.

मी त्यांना रोलरच्या शेडमागे नेलं. तिथे बाभळीची लाकडं पडलेली असायची, चौकीदार शेकोटीला वापरायचा. त्याची हातकुऱ्हाड घेतली. एक ओंडका उभा केला.

"फोडायचं नाही मॅडम. फोडायले जोर लागते. वरची साल तेवढी उडवायची. कडेनं."

मॅडमनी पहिला घाव घातला तो ओंडक्याच्या मधोमध, आणि कुऱ्हाड अडकली.

"बघा. ही तुमची जुनी सर्व्हिस."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी साल निघाली, हाताएवढी लांब. मॅडम ओरडल्या, "निघाली!" त्याच वेळी सेक्रेटरी साहेब तिथून चालले होते. त्यांनी पांढऱ्या कपड्यातली हेडमास्तरीण हातात कुऱ्हाड घेऊन उभी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पुढे गेले. शहाणा माणूस होता.

मग कोर्टावर. पकड तीच, आणि बॉल डोक्यावर नाही, जरा उजवीकडे उडवायचा. इथे मॅडमच्या खांद्याला बरं पडलं. पुरतं वर जावं लागत नव्हतं. पण शिकवायला मास्तरीण म्हणजे वाईट विद्यार्थी. प्रत्येक गोष्टीला कारण पाहिजे.

"उजवीकडे मारायचं आणि बॉल डावीकडे वळतो, हे कसं?"

"मले काय माहीत. वळते."

"काहीतरी कारण असेलच ना."

"कारण संक्रांतीनंतर शोधा. आत्ता मारा."

पहिले कितीतरी दिवस बॉल कुठेही गेला. जाळीत गेला, शेजारी गेला, एकदा व्हरांड्यातल्या टेबलावरच्या पोह्यांच्या बशीत गेला. कधी इतकं बारीक कापायच्या की बॉल जागेवरच फिरून पुढ्यात पडायचा. मी म्हणायचे, साल काढा म्हटलं, बॉल सोलू नका. हळूहळू आवाज बदलला. सरळ सर्व्हिसचा आवाज ठप्प असा येतो. स्लाइसचा येतो तो कापड फाडल्यासारखा. तो आवाज आला की मी जाळीपलीकडून मान हलवायचे. मातीवर खूणही बदलली. आधी गोल डाग पडायचा, आता लांबट ओरखडा पडायला लागला.

एका सकाळी एक सर्व्हिस चांगली पडली. मी घेतली आणि जाळीत मारली.

मॅडम चालत जाळीपाशी आल्या. "ही खरंच चुकलीस, का मला दिलीस?"

कोणी मेंबराने हे मला कधी विचारलं नव्हतं. विचारत नसतात. जावईबापूंनीही विचारलं नव्हतं.

"दिली," मी म्हटलं. हाताला सवय होती.

"मग माझी सर्व्हिस चांगली आहे की नाही हे मला कळणार कसं?"

"माझ्याकडून नाही कळणार."

"उद्यापासून खरी मार."

"रडाल मॅडम."

"मी चाळीस वर्षं नववीच्या मुलींना शिकवलं आहे. मार तू."

मी मारली. त्या दिवशी त्यांची एकही सर्व्हिस मी सोडली नाही. सगळे बॉल त्यांच्या पायात परत टाकले, जिथून उचलता येत नाही. मॅडम रडल्या नाहीत. पण बाटलीतलं पाणीही न पिता घरी गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, नेहमीच्या आधी आल्या, मी अजून पाणी मारत होते.

"मी एकाच जागी टाकते आहे म्हणून तू मारते आहेस, बरोबर?"

"हे मी कालच सांगितलं असतं."

"विचारायचं राहिलं. आज बाहेरच्या रेघेवर टाकते."

तिथून त्यांची सर्व्हिस खरी सुधारली. दहात दोन मला त्रास द्यायला लागल्या. मग तीन.

संक्रांत जवळ आली. मॅडम चांडक मॅडमना म्हणाल्या, एकदा माझी सर्व्हिस बघ, मग नाव दे. चांडक मॅडम आल्या, खुर्ची टाकून बसल्या. मी घ्यायला उभी राहिले. दोन चांगल्या पडल्या, दोन्ही माझ्या रॅकेटला लागल्या नाहीत. चांडक मॅडम हसल्या.

"अरे भुसारी, कमला तो सबसे हारती है. माझा नातू आला तर त्याच्याशीपण हारेल. हिच्यावरून मी काय समजू?"

बरोबरच होतं. माझं हरणं बघून कोणाला काय कळणार? भुसारी मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. जी मुलगी अभ्यास करून आली आणि पेपरच फुटला, तिचा होईल तसा.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई आल्या आहेत का?"

त्या आल्या होत्या, व्हरांड्यात बूट बांधत होत्या.

"त्यांना पहिला गेम सर्व्हिस करू द्या मले. मग भुसारी मॅडमना. दोघींले सारखं खेळतो मी. आज मार्कर नाही."

चांडक मॅडमनी कप खाली ठेवला. "सोचके बोल कमला. बाकी मेंबर बघून राहिले."

"बघू द्या."

डॉक्टरीणबाईंची सर्व्हिस जोराची, सरळ. मला जोराचं काही नाही. जोराचा बॉल स्वतःच परत जातो, रॅकेट धरून ठेवली की पुरे. त्यांना मी एक पॉइंट दिला नाही. व्हरांड्यातले चमचे थांबले. एक मेंबर उभे राहिले, तेच जावईबापू. डॉक्टरीणबाई मात्र जाळीपाशी येऊन हसायला लागल्या. "आंटी! हे इतकी वर्षं कुठे लपवलं होतं?" मुलगी चांगली होती.

मग भुसारी मॅडम. पहिली जाळीत, दुसरीही जाळीत. एका पॉइंटला दोनच संधी, तो पॉइंट गेला. पुढची आत आली पण मधोमध, ती मी पायात टाकली. चांडक मॅडम कपाकडे बघायला लागल्या. तिसऱ्या पॉइंटला कापड फाटल्याचा आवाज आला. बॉल बाहेरच्या रेघेवर घसरला. मी पोहोचले, पण रॅकेटच्या लाकडाला लागून तो आकाशात गेला. चौथ्याला मी आधीच बाजूला सरकले होते. तरी तो माझ्यापेक्षा पुढे वळला. मी झेप घेतली आणि पडले. हात, गुडघा, सगळं मातीत घासत गेलं. बॉल मागच्या जाळीला लागून थांबला.

मी उठले, कारण गेम संपला नव्हता. पाचवा आणि सहावा पॉइंट मी जिंकले, आणि गेमही माझा झाला. भुसारी मॅडमही हरल्या. दोघी हरल्या.

चांडक मॅडम कोर्टावर चालत आल्या. त्या भुसारी मॅडमकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. वाकून माझा गुडघा बघितला. सलवार फाटली होती आणि लाल मातीत लाल रक्त मिसळलं होतं.

"तुला पडलेली कधी बघितली नाही मी," त्या म्हणाल्या.

"हरायले पडावं नाही लागत, मॅडम."

त्यांनी अजून एकदा गुडघ्याकडे बघितलं आणि मग मागे वळून ओरडल्या, "भुसारी! नाव दे अपना. आणि सरळवाली सर्व्हिस परत मारली ना, तर मी तुला मारेन."

त्या वर्षी फलकावर दोघींचं नाव एका रेघेत लागलं. दुसऱ्याच फेरीत त्या हरल्या, डॉक्टरीणबाई आणि तिच्या नवीन जोडीदारणीकडून. भुसारी मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. घरी जाताना फलकासमोर जरा थांबल्या, एवढंच.

माझं मात्र काम बिघडलं. सेक्रेटरी साहेबांनी बोलावून सांगितलं, "कमलाबाई, मेंबर लोक जरा नाराज आहेत." ते कोणत्या गोष्टीवर नाराज आहेत ते बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर माझ्या हरण्यावर कोणाचा विश्वास बसेना. मी हरले की मेंबर विचारायचे, "आज खरं खेळल्या ना?" हो म्हटलं तर पटायचं नाही. आणि नाही म्हटलं तर काय व्हायचं, ते सांगायला नको. जावईबापू दुसऱ्या क्लबात गेले. सुताराने एकदा खुर्चीला तडा आहे म्हणून सांगितलं की मग धड खुर्चीवरही कोणी बसत नाही, तसं झालं. मला पुढे लहान मुलं आणि नवशिके दिले. त्यांना बॉल टाकायचा, बस. हरायची गरज नाही. ते काम मी रिटायर होईपर्यंत केलं. वाईट नव्हतं. पण हरण्यात जी कारागिरी होती ती कोणाला शिकवायची राहून गेली. आता क्लबांत मशीन असतं, ते बॉल फेकतं. मशीनला हरता येत नाही.

गुडघा तसाच राहिला. थंडीत दुखतो.

भुसारी मॅडम आता सत्तरीच्या पुढे गेल्या. क्लब सोडला, पण कधी कधी रिक्षाने सक्करदऱ्याला आमच्या घरी येतात, दोन रॅकेटा घेऊन. तलावाकडच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघी बॉल मारतो. जाळी नाही, रेघा नाहीत. मॅडम अजून स्लाइसच मारतात, आणि उजव्या बाजूलाच. आता तिच्यात धार राहिली नाही. आवाज येत नाही. बॉल वळतो, पण सवयीने वळतो.

परवा एक आली. नीट टप्पा पडला, दोन पावलांवर होती. मी पोहोचले असते. गेले नाही.

मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सोडलीस ना, कमला?"

"गुडघा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा बॉल घ्यायला वाकल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. गुडघ्यावर आहे.